केलरमधला डबा

मराठी बाईला कुणी डबा देऊ केला तर ती नाही म्हणत नाही. या सगळ्या भानगडीत माझी चूक म्हणाल तर तेवढीच.

ब्राउनश्वाइगमधलं आमचं दुसरं घर भाड्याने घेतलं तेव्हा घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढे होत्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि आता त्या मुलीच्या गावातल्या वृद्धाश्रमात राहायला निघाल्या होत्या. किल्ल्या द्यायच्या दिवशी त्यांनी मला घर हिंडवून दाखवलं. इथे किल्लीबरोबर कागद हवाच. त्याला युबरगाबेप्रोटोकोल म्हणतात. भिंतीवर ओरखडा कुठे आहे, कुठला नळ गळतो, मीटरचा आकडा काय, सगळं त्यात लिहायचं आणि खाली दोघांनी सह्या ठोकायच्या. नवरा ऑफिसात होता, त्यामुळे सहीची मालकीण मी.

शेवटी बाई म्हणाल्या, "खाली केलरमध्ये माझ्या नवऱ्याची जुनी ब्युक्से आहे. मला ती नेता येणार नाही. तुम्हाला हवी आहे का?"

केलर म्हणजे तळघर, ब्युक्से म्हणजे डबा. भाषेच्या क्लासमध्ये दुसऱ्याच आठवड्यात शिकले होते मी. मनात म्हटलं, बाई गं, हे काय विचारणं झालं? पुण्याहून येताना सामानाच्या वजनापायी आईने दिलेले स्टीलचे डबे मी मागे ठेवून आले होते आणि त्याची हळहळ अजून गेली नव्हती. "हो, आनंदाने!" म्हणाले. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. नवऱ्याला बरं वाटलं असतं, म्हणाल्या. एका डब्याचं एवढं काय, असं वाटलं खरं, पण एकटी म्हातारी, असेल काही आठवण. त्यांनी नेटक्या अक्षरात लिहिलं: एक जुनी ब्युक्से, केलरमध्ये, भाडेकरूने स्वीकारली. मी त्याखाली झोकात सही केली.

मग सामान आलं, खोकी केलरमध्ये गेली, आणि तो डबा खोक्यांच्या मागे राहिला तो राहिलाच.

सप्टेंबरच्या मध्यात सासरे आले, तीन महिन्यांसाठी. मी त्यांना बाबा म्हणते. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. खरं सांगायचं तर मला त्यांचं जरा ओझंच वाटायचं. माणूस वाईट नव्हे हो, पण बोलायचेच नाहीत. अंघोळ करून, पट्टीने आखल्यासारखा भांग पाडून खिडकीशी बसायचे आणि ट्राम मोजायचे. मी अर्धा दिवस सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचे, उरलेला अर्धा दिवस घरी, आणि त्या अर्ध्या दिवसात "बाबा, चहा?" आणि "बाबा, जेवायला या" याखेरीज आमचं संभाषण नाही. सरकारी कारखान्यातून निवृत्त, पेन्शन आहे, एवढं लग्न ठरताना कळलं होतं. त्यावर अकरा वर्षं माझं निभावलं.

नोव्हेंबरचा पहिला रविवार. नवरा सकाळीच कंपनीच्या कामाला हंगेरीला गेला होता, बुधवारी संध्याकाळी परत येणार. बुधवारी यायलाच हवं होतं, कारण गुरुवारी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, आमची तारीख होती. कायम राहण्याचा परवाना मिळायचा होता. पाच वर्षं आम्ही व्हिसाची मुदत वाढवत, कागद गोळा करत, पगाराच्या स्लिपा जपत काढली होती. अर्जात एक प्रश्न होता: तुमच्याविरुद्ध काही चौकशी चालू आहे का? मी मोठ्या दिमाखात 'नाही'वर फुली मारली होती.

त्या रविवारी एशियन दुकानातून आणलेल्या वीस किलो तांदळाचं पोतं खालून उसवलं. तांदूळ स्वयंपाकघरभर. मला तेव्हा तो डबा आठवला. म्हटलं, बाबांनाही जरा हालचाल. "बाबा, खाली केलरमध्ये खोक्यांच्या मागे एक जुना डबा आहे म्हणे. बघता का जरा, तांदूळ मावतील का?"

बाबा गेले ते वीस मिनिटं आलेच नाहीत. आले तेव्हा हात पुसत आले.

"अगं," ते म्हणाले, "डबा नाहीये. रायफल आहे."

"काय आहे?"

"रायफल. लष्करी. घोंगडीत गुंडाळून ठेवली आहे. पण तू काही काळजी..."

पुढचं मी ऐकलंच नाही. चपला पायात न घालता तीन जिने उतरून खाली गेले. आमच्या इमारतीत केलर म्हणजे तळघरात लाकडी पट्ट्या ठोकून केलेल्या खोल्या, फटीतून सगळ्यांना सगळ्यांचं दिसतं. आणि तिथे, आमच्या सुटकेसांवर, उघड्या घोंगडीत, ती लांबलचक वस्तू पडलेली. मागोमाग माझी आठ वर्षांची लेक आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून. तिने त्या वस्तूकडे बघितलं आणि अगदी शहाण्यासारखं सांगितलं, "आई, डेअर येगर हाट डोख आउख आइने ब्युक्से." गोष्टीतल्या शिकाऱ्याकडेही ब्युक्सेच असते की.

म्हणजे आठ वर्षांच्या पोरीला माहीत, आणि तिच्या आईने सही ठोकलेली! वर येऊन शब्दकोश काढला. ब्युक्से: एक, डबा. दोन, बंदूक. कपाळाला हात लावला. क्लासमधल्या त्या बाईंनी दोन नंबरचा अर्थ सांगितला असता तर त्यांचं काय जाणार होतं?

बाबा दारात उभे होते. "अगं, ऐक तरी, ती..."

"बाबा, प्लीज!" मी म्हणाले. "तुम्ही त्याला हात लावलात ना? आता काही बोलू नका, तुम्ही आत जा." माझा आवाज चढला होता. ते आत गेले.

खाली जाऊन मी त्या वस्तूवर सोलापुरी चादर घातली. फटीतून बघणाऱ्याला चादर दिसेल. चादरीखाली काय दिसेल ते दिसतच होतं, म्हणून वर लेकीची बर्फावर घसरायची स्लेज ठेवली. लेकीला देवाशपथ बजावलं, शाळेत एक अक्षर बोलायचं नाही. ती म्हणाली, "वारुम?" का म्हणून? मी तिला सांडलेले तांदूळ गोळा करायला बसवलं.

नवऱ्याला फोन लावला. पहिलं वाक्य काय असावं? "सही? तू सही केलीस?"

"तू होतास का तिथे?"

"अगं, पण वाचायचं तरी!"

"वाचलं! डबा वाचला!"

मग तो म्हणाला, ओकर नदीत टाकू, मी आल्यावर. मी म्हटलं, टाक हो, दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढून, पुसून, पावतीसकट दारात आणून देईल. इथल्या माणसांवर माझा तेवढा विश्वास आहे. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा इथे चांगलाच गुन्हा आहे, हे आम्हा दोघांनाही ऐकून माहीत होतं. पोलिसांना सांगावं तर चौकशी सुरू होणार, आणि गुरुवारी कचेरीत त्या 'नाही'वरची फुली खोटी ठरणार. न सांगावं तर सरळसरळ गुन्हा. माझ्या एका सहीपायी चार माणसांच्या पाच वर्षांचं मातेरं होणार. चार कसली, तीन. बाबा तर पाहुणे.

सोमवारी वृद्धाश्रमात फोन केला. मालकीणबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे मला आमच्या जिन्यात ऐकू जाईल इतक्या आवाजात 'ब्युक्से' म्हणून ओरडावं लागलं. "गेनाऊ!" त्या आनंदाने म्हणाल्या. अगदी बरोबर! "ब्युक्से! तुम्ही सही केलीत की!"

"ती चालते का?"

"माझा नवरा दर शनिवारी क्लबात नेमबाजीला जायचा," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याला मिळालेल्या बक्षिसांचं सांगत बसल्या.

मग टेलिफोनच्या पिवळ्या पानांत बंदुकांचं काम करणारा कुणी आहे का ते शोधलं. अशा माणसाला म्हणतात ब्युक्सेनमाखर. ही पाटी मी ट्राममधून रोज बघत होते! डबे करणारा, असं समजून एकदा जाऊन पिठाला मोठा डबा करून घ्यायचा बेतही केला होता. गेले नाही ते बरं झालं. त्या माणसाने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ट्राममधून घेऊन येऊ नका," म्हणाला. "कुठेही हलवू नका. बुधवारी दुपारी मी येतो. चालती असेल तर आपण दोघं मिळून पोलिसांना कळवू. आधी बघू तरी काय आहे, काय किमतीची आहे."

बुधवारपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जिन्यात पाऊल वाजलं की पोलीस. केलरमध्ये कुणाचं वॉशिंग मशीन सुरू झालं की मी खाली. सगळा राग बाबांवर निघत होता. त्यांनी ती उघडलीच कशाला, घोंगडीत होती ती राहू द्यायची! मंगळवारी ते जेवताना काहीतरी बोलायला गेले, "मी काय म्हणतो, त्या रायफलीचं..." आणि मी ताटात आमटी वाढता वाढता म्हणाले, "बाबा, जेवताना तो विषय नको." त्यांनी भात कालवला.

बुधवारी तो ब्युक्सेनमाखर आला. दाराएवढा माणूस, आवाज मात्र बारीक. केलरमध्ये उजेड कमी म्हणून त्याने ती सोलापुरी चादरीसकट उचलून वर आणली आणि माझ्या पोळ्या लाटायच्या टेबलावर ठेवली. बाबा तिथेच पेपर वाचत होते. "बाबा, जरा आत बसता का?" मी म्हणाले. "बसू द्या की," तो जर्मनमध्ये म्हणाला, म्हणून बाबा राहिले.

"लोक मला एकच विचारतात," बॅटरी काढत तो म्हणाला. "किती येतील? तुमची काय अपेक्षा आहे?"

"शून्य," मी म्हणाले.

तो हसला. मला हसू येत नव्हतं.

मग त्याने मला किंमत कशी काढतात ते समजावलं. ही जुनी लष्करी रायफल. युद्धं संपल्यावर सैन्यांनी असल्या पेट्याच्या पेट्या स्वस्तात विकून टाकल्या. आता हौशी लोक घेतात. प्रत्येक सुट्या भागावर नंबर ठोकलेला असतो. सगळे नंबर जुळले, म्हणजे कारखान्यातून निघाली तशी ती आहे, तर भाव चढतो. लाकूड मूळचं असेल तर आणखी चढतो. तो एकेका भागावर बॅटरी धरून नंबर वाचू लागला. "जुळतो," म्हणाला. "हाही जुळतो. वा!" प्रत्येक 'वा'ला माझा जीव आणखी खाली. तो भाव चढवत होता आणि मी ओट्याला धरून उभी होते. "तिसराही जुळतो! चालती असेल तर चार-पाचशे युरो सहज."

चालती असेल तर. देवा, मी मनात म्हटलं, बंद पाड रे बाबा.

तेवढ्यात बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि हात पुढे केला. मी "अहो बाबा!" म्हणेपर्यंत त्यांनी रायफल ओढून घेतली, खटक् करून बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, मागे घेतला, सबंध बाहेर काढला आणि त्याचं टोक त्या माणसासमोर धरलं. जिथून टाचणी बाहेर येऊन गोळीवर आपटते ते भोक, त्यावर नख टेकवलं. भोक बुजवलेलं होतं. मग उठून देवापुढची अगरबत्तीची एक काडी घेतली आणि नळीच्या मागच्या तोंडात, जिथे गोळी बसते तिथे, घातली. काडी दोन बोटं आत गेली आणि अडकली. आत लोखंड भरून वितळवून बंद केलं होतं.

त्या माणसाने रायफलीकडे बघितलंच नाही, तो बाबांकडे बघत होता. "कोलेगे?" त्याने मला विचारलं. म्हणजे आमच्याच धंद्यातले का?

"नाही, नाही," मी म्हणाले. "ते सरकारी कारखान्यात होते."

"कसल्या कारखान्यात?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं सून असून मला सांगता येईना. मी बाबांकडे वळले. "बाबा, ते विचारताहेत, तुम्ही कारखान्यात काय करायचात?"

"रायफली तपासायचो," बाबा म्हणाले. "पास-नापास. एकतीस वर्षं."

हे वाक्य मला जर्मनमध्ये सांगायचं होतं. कसंबसं सांगितलं. तो दाराएवढा माणूस उठून उभा राहिला आणि त्याने बाबांशी हात मिळवला.

त्यानंतर माझी त्यांना गरजच उरली नाही. भिंग काढून त्याने लोखंडावर एक बारीक शिक्का शोधला. सरकारमान्य पद्धतीने कायमची निकामी केलेली, नुसती शोभेची वस्तू. त्याला परवाना लागत नाही, कळवावं लागत नाही, काही नाही. म्हातारबुवा क्लबात नेम मारायचे ती क्लबची बंदूक असणार. ही भिंतीवर टांगायची. "मग किंमत?" मी विचारलं. "साठ-सत्तर युरो, कुणी हौशी मिळाला तर," तो म्हणाला. मी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं, एकदा नव्हे, तीनदा. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी खुर्चीवर बसले आणि चक्क हसत सुटले.

बाबांनी तेवढ्यात लाकडाचा दस्ता उलटा केला आणि कडेला एका ठिकाणी बोटाने दाखवलं. त्या माणसाने भिंग लावलं. लाकडाचा एक तुकडा बेमालूम बदललेला होता. त्याला स्वतःला दिसला नव्हता. "आणखी दहा कमी," तो खजील होऊन म्हणाला. बाबांना मी मिठी मारायचीच काय ती बाकी होती. त्याला चहा दिला, बेसनाचे लाडू दिले. निघताना त्याने आपल्या दुकानाच्या कागदावर सगळं लिहून, तारीख घालून सही केली. मी तो कागद दोनदा वाचला. शब्दकोश घेऊन.

तो गेल्यावर मी बाबांसमोर बसले. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"रविवारीच. बोल्ट उघडला की दिसतंच ना."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगत होतो," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "तू म्हणालीस आत जा."

रविवारपासून मी पोलिसांच्या पावलांची वाट बघत होते आणि एकतीस वर्षं रायफली तपासलेला माणूस माझ्याच खिडकीशी ट्राम मोजत बसला होता. मला माझी इतकी लाज फार क्वचित वाटली आहे. "चुकलं माझं, बाबा," मी म्हणाले. "असू दे गं," म्हणाले आणि पेपर उघडला. संध्याकाळी नवरा आला. सगळं ऐकल्यावर तो दारातच सुटकेसवर बसला. "माझ्याही डोक्यात आलं नाही," म्हणाला. "लहानपणी त्यांच्या शर्टाला त्या तेलाचा वास यायचा. आणि माझ्या डोक्यातच आलं नाही."

गुरुवारी कचेरीत पंधरा मिनिटांत काम झालं. टेबलामागच्या बाईंनी आमची पासपोर्टं घेतली, कागद चाळले, दोन शिक्के मारले. परवान्यावर तारखेच्या जागी एकच शब्द होता: बेमुदत. बाहेर आल्यावर मी फुटपाथवर उभी राहून रडले, नवरा हसत होता, आणि लेक आम्हा दोघांपासून जरा लांब उभी राहिली.

घरी बाबा त्या सांडलेल्या तांदळातले खडे निवडत होते. "झालं!" मी दारातूनच ओरडले. "बाबा, झालं!" पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, पान उजेडाकडे धरून नीट बघितलं.

"मुदत कुठे लिहिली आहे?"

"मुदतच नाही! कायमचं आहे. आता कुणी आपल्याला जा म्हणणार नाही."

"हो का," बाबा म्हणाले. पान मिटलं, पासपोर्ट मला परत दिला. "छान झालं. सुटलात एकदाचे."

मी चहा टाकायला आत गेले. आधण उकळेपर्यंत मला तो शब्द खटकला नव्हता. सुटलात. मी 'आपल्याला' म्हणाले होते आणि त्यांनी 'सुटलात' म्हटलं होतं. बेमुदत म्हणजे आम्ही आता परत जाणार नाही, हे त्यांना कळलं होतं, आणि आमच्या आनंदात आम्हाला कळलं नव्हतं. त्यांच्या पासपोर्टात मुदत होती. नव्वद दिवस. मी गॅस बारीक केला आणि बाहेर आले.

"बाबा, तुमच्या व्हिसाचे अजून किती दिवस राहिलेत?"

"एकेचाळीस," मान वर न करता ते म्हणाले.